मागचा गार्ड

भूपेंद्रच्या पिकअपला मागून कुठेही ठोकर बसली तरी बंपरला चरा पडू नये, म्हणून तो लोखंडी गार्ड मीच माझ्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून दिला होता. केळीच्या वखारीवर गाडी मागे घेताना त्याचा अंदाज नेहमीच चुकायचा. महिन्यापूर्वी बाजारात कुणीतरी गाडी मागे घेताना आमच्या अब्बांची चण्याची लोटगाडी उडवली आणि पळून गेलं. अब्बांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून भूपेंद्र रोज दवाखान्यात जेवणाचा डबा आणायचा. त्या हरामखोराला माझ्यापेक्षा जास्त शिव्या त्यानेच घातल्या. आज त्यानेच अब्बांना घरी आणून सोडलं, तेव्हा गार्ड एका बाजूने हलताना दिसला. मी म्हटलं, "लाव दुकानापुढे, वेल्डिंग मारून देतो." "राहू दे रहीमभाई, चालतंय," तो म्हणाला. मी ऐकलं नाही. एवढं केलेल्या माणसासाठी मी दुसरं काय करणार होतो? टाका मारण्याआधी रंग खरवडावा लागतो, म्हणून ग्राइंडर लावला. गार्डवरचा नवा काळा रंग उडाला आणि खालून पोपटी निघाला. अब्बांच्या लोटगाडीला तो रंग ईदच्या आधी मीच दिला होता, उरलेला निळा आणि पिवळा एकत्र ओतून. तसा पोपटी अख्ख्या जळगावात दुसरा नाही. मी ग्राइंडर बंद केला. भूपेंद्र माझ्याकडे पाहत नव्हता. "मी उतरलो होतो, रहीमभाई," तो म्हणाला. "मागे जाऊन पाहिलंही. बंपरला काहीच झालं नव्हतं."