दोन रंगांच्या नाड्या

बूट कंपनीच्या बाई सांगलीच्या कॉलेजात आल्या, तेव्हा अकरावीतल्या निम्म्या मुलींच्या एका बुटाला निळी आणि दुसऱ्याला पिवळी नाडी होती. सुरुवात रुजुतानं केली होती. तिची एक नाडी तुटली आणि घरात पिवळीच सापडली. तिचं बघून तिच्या मैत्रिणीनं, अन्वितानं, तसं केलं आणि अन्विताचं बघून बाकीच्यांनी.

बाईंनी प्रत्येकीला चिठ्ठीवर स्वतःच्या नावाखाली आणखी एक नाव लिहायला सांगितलं: कपडे, बूट घेताना तुम्ही वर्गात कोणाचं बघून घेता? चिठ्ठ्या वाचून त्यांनी नव्या बुटांचा खोका अन्विताच्या हातात ठेवला. दर महिन्याला एक नवा जोड फुकट. तिनं फक्त तो घालून कॉलेजात यायचं.

रुजुताला ते बघवेना. तिनं बाईंना जिन्यात गाठलं.

“मॅडम, मी रुजुता. नाड्यांचं मी सुरू केलंय.”

“माहीत आहे. अन्वितानं चिठ्ठीवर तुझंच नाव लिहिलंय. तिनं एकटीनंच.”

“मग बूट तिला का?”

“तुझं बघून एक मुलगी घेते. तिचं बघून वर्ग घेतो. आम्हाला बूट खपवायचेत गं.”

रुजुता वर्गात परतली. अन्विता तिचीच वाट बघत थांबली होती. खोका पुढे करत ती म्हणाली, “आधी तू घाल. या महिन्याचे तुझे.”

“मला नाही होणार तुझं माप,” रुजुता म्हणाली आणि दप्तर उचलून निघाली.

पाचवीपासून दोघी एकमेकींचे बूट घालत आल्या होत्या.