बरोबरीत सुटलेला डाव

मुकुंदराव आजही तोच जुना डाव पहिल्या खेळीपासून मांडून बसले होते. पांढरं प्यादं पुढे, काळं प्यादं पुढे, आणि मग हनुवटीवर हात.

"माझी ओपनिंगच कच्ची," ते म्हणाले. "सुरुवात नीट झाली असती तर हा डाव बरोबरीत सुटला नसता."

भेंडी चिरणाऱ्या कुसुमताईंचा हात विळीवरच थांबला. नवऱ्याचं हे वाक्य हल्ली त्यांना रोज ऐकावं लागे.

डाव टपालानं खेळलेला. समोर नांदेडचे हिम्मतराव. इकडून खेळीचं कार्ड जायचं, तिकडून यायचं, आणि तोवर खिडकीजवळच्या टेबलावर पट तसाच मांडलेला असायचा. त्याला हात लावायचा नाही, हा विद्यानगरच्या त्या घरातला एकमेव कायदा. कुसुमताईंचं फडकंसुद्धा टेबलाच्या कडेनंच फिरायचं.

तो कायदा त्यांनी मोडला, आणि तोही टीव्हीपायी. गल्लीत घरोघर केबल आली होती. मुकुंदरावांना असले थेर पसंत नव्हते, म्हणून ते चिक्कडपल्लीच्या वाचनालयात गेल्याचं बघून बाईंनी केबलवाल्याला गुपचूप बोलावलं. "कुछ नै होता अम्मा, दो मिन्ट का काम," म्हणत त्यानं खिडकीतून वायर ओढली आणि पटावरची मोहरी जमिनीवर आली. कुसुमताईंनी ती आठवतील तशी उभी केली. एका प्याद्याची जागा मात्र काही केल्या आठवेना. दिलं ठेवून अंदाजानं.

मुकुंदराव केबल बघून रागावलेसुद्धा नाहीत. पण पुढच्याच कार्डात त्यांनी बरोबरी मागितली. हिम्मतरावांनी ती लगेच मान्य केली आणि वर लिहिलं, "वाचलो! मी हरतच होतो."

तेव्हापासून कुसुमताईंचं मन त्यांना खात होतं. आपल्या हौसेपायी माणसाचा जिंकता डाव गेला. मालिका लागली तरी त्यांचं लक्ष खिडकीकडेच जायचं.

आता हिम्मतरावांनी नव्या डावाचं विचारलं होतं, आणि मुकुंदराव तयार होत नव्हते. नोकरी सुटल्यावर त्यांना एवढा एकच नाद उरला होता.

"हिम्मतरावांना काय कळवू?" कुसुमताईंनी विचारलं.

"नक्को म्हणून कळव. आता नाही जमायचं मला."

बाईंना राहवेना. विळी बाजूला सारून त्या उठल्या.

"अहो, ओपनिंगला कशाला दोष देता? चूक माझी आहे." आणि त्यांनी केबलवाल्यापासून सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता रडू आलं. "प्यादं मी भलत्याच घरात ठेवलं. चुकीचा पट बघून तुम्ही बरोबरी मागितलीत. मला काय हवं ते बोला, पण खेळणं सोडू नका हो."

मुकुंदराव त्यांच्याकडे वळले. मग हसले, अगदी मायेनं.

"खुळी आहेस. ते प्यादं मी त्याच संध्याकाळी जागेवर ठेवलं. हिम्मतरावांची कार्डं होती की माझ्याकडे, दोघांच्या खेळ्या लिहिलेली."

कुसुमताई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं त्यांना. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग जिंकत असताना बरोबरी का मागितलीत?"

मुकुंदरावांनी पटाकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी कार्ड लिहायला बसलो," ते म्हणाले, "तर घोडा कसा चालतो, तेच आठवेना."