विलापातलं नाव

“मढं नसलेल्या घरात विलाप गायचा नसतो, भावजी. मी गाणार नाही.” स्टामाताने चुलीपुढून न उठताच सांगून टाकलं.

दारात तिचा धाकटा दीर द्राकोस उभा होता. मानी या ग्रीक मुलखाच्या डोंगरातल्या त्या दगडी गावाचा तो नाईक. त्याच्या मागे इंग्रज पाहुणा, जास्पर. पोरगा कवी होता. तुर्कांशी लढायला म्हणून आला, पण येताना थोडी बंदुकीची दारू आणि ढीगभर पुस्तकं घेऊन आला. ग्रीक बोलायचा, तेही हजारो वर्षांपूर्वीचं. पाद्रीबाबा पोथी वाचताहेत असं वाटून म्हाताऱ्या छातीवर क्रूसाची खूण करायच्या. साधी शेळी दिसली तरी त्याला जुने देव आठवून भरून यायचं. आता त्याला बायकांचा विलाप ऐकायचा होता. पुराणातल्या वीरांच्या आया अशाच रडल्या असतील, असं तो म्हणे.

रडल्या असतील. स्टामाताला त्याचं काय? तिचा एकुलता एक लियाकोस खिंडीत तुर्कांसमोर उभा होता आणि कित्येक दिवसांत त्याचा निरोप नव्हता. विलापात नाव घ्यावंच लागतं. गाणारी नाव घेते, भोवतालच्या बायका ते उचलून धरतात. बिननावाचा विलाप घरातच घुटमळतो आणि त्याच घरातलं माणूस धरतो, हे मानीतलं शेंबडं पोरही सांगेल.

“वहिनी, गा,” द्राकोस म्हणाला. तो छताकडे बघत होता.

“मूठभर दारूसाठी पुतण्याच्या जिवावर उठलात होय?”

एरवी हा माणूस एका शब्दाला चार शब्द सुनावणारा. आज त्याने नजर छतावरून खाली आणलीच नाही.

तेवढ्यात शेजारणी आत येऊ लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं. भिंतीशी बसल्या, केस मोकळे सोडले. विलापाची रीतच ती. पण शेजारची म्हातारी कानेला, जी फुकट बोटही हलवायची नाही, तीसुद्धा हातातलं सूत टाकून आली होती. एका परक्याच्या हौसेसाठी एवढी लगबग?

काय अडलंय ते द्राकोसने पाहुण्याला हळूच सांगितलं. जास्परचे डोळे चमकले. तो पुढे झाला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “माते, माझं नाव घाल. मला रडणारं मागे कोणी नाही. या मातीत माझा विलाप झाला, तर आणखी काय हवं?”

वेडं पोर! तिला त्याची दया आली. पण त्याहून जास्त, सुटल्यासारखं वाटलं. पाप लागेल, लागू दे. ‘देवा, याला घे, माझ्याला ठेव,’ ती मनात म्हणाली, आणि स्वतःचीच तिला भीती वाटली.

मग ती गायली. आवाज आधी चिरकला, मग चढला.

“जैतुनाच्या कोवळ्या झाडा, वेळेआधी तुला कोणी रे झोडपलं… जास्पर रे!”

जास्पर ढसाढसा रडू लागला. बायकांनी नाव उचलायची वेळ झाली. कोणी उचललं नाही.

तिने ओळ पुन्हा घेतली, मोठ्याने, जवळजवळ ओरडून. “जास्पर रे!” पुन्हा कोणाचा आवाज नाही. द्राकोसने डोक्यावरची टोपी काढली. कानेला सरकत सरकत जवळ आली, तिने स्टामाताचे दोन्ही हात घट्ट धरले, आणि मग सगळ्या बायकांनी मिळून नाव उचललं.

“लियाकोस रे!”