मुंगसाचा गेम

"आई, तुझं मुंगूस परत आलं!" लेकीनं फोन पुढे केला.

पंचविशीत सुमेधानं या मुंगसाच्या व्हिडिओ गेमची चित्रं ठिपक्याला ठिपका जोडून काढली होती. पुढे कंपनी विकली गेली, कॅसेटी भंगारात गेल्या. मग 'रातकिडा' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी तो गेम इंटरनेटवर फुकट टाकला. नव्या मालकांनी त्याला चोर ठरवून साइट बंद पाडली आणि आता तोच गेम विकायला काढला.

सुमेधानं हौसेनं विकत घेतला. उघडताच पाटी झळकली: 'रातकिड्याकडून सप्रेम भेट'. मालकांनी चोराचीच कॉपी उचलली होती!

ती हट्टानं शेवटापर्यंत खेळली. पूर्वी साइटवर खेळलेल्या रातकिड्याच्या कॉपीत तिथं 'चित्रं : सुमेधा' असायचं. आता 'सर्व हक्क कंपनीकडे राखीव' एवढंच होतं.

"चोर म्हणे!" तिनं फोन पालथा ठेवला. "त्यानं माझं नाव नव्हतं पुसलं."