ओले खडे

ज्यू रिवाजाप्रमाणे संतांच्या कबरींवर ठेवायला प्रत्येकीनं ओढ्यातून कबरीगणिक एकेक खडा उचलला होता. यात्रेला निघालेल्या नऊ मुलींनी आणि त्यांच्या शिक्षिका ब्रुरियाबाईंनीही. पण मेरोनच्या डोंगरातल्या पहिल्या संताच्या कबरीवर दहा खडे आधीच होते. दहाही ओले.

“आपल्या आधी कोण येऊन गेलं गं?” तिर्त्सानं विचारलं. “वाटेत तर चिटपाखरू नव्हतं.”

“संताकडे नवरे मागायला आल्या असतील दहाजणी!” होदाया खिदळली.

दुसऱ्या कबरीवरही दहा ओले खडे होते. आता कोणी हसलं नाही.

तिसरी कबर भर उन्हात होती. खडे तरीही ओलेच, पण नऊ.

बाईंनी झटकन वळून मुलींकडे पाहिलं. कुठली पोर मागे राहिली? माणसं आकड्यांनी मोजायची नसतात, म्हणून त्या नेहमीसारखी दहा शब्दांची प्रार्थना पुटपुटू लागल्या. एका मुलीवर एक शब्द. होदाया होती, तिर्त्सा होती, नवव्या शब्दाला धाकटी अविगाइलही होती. बाईंचा जीव भांड्यात पडला.

“सगळ्या आहोत ना, बाई? निघायचं?”

बाईंनी पुन्हा त्या नऊ खड्यांकडे पाहिलं. प्रार्थनेचा दहावा शब्द अजून ओठांवरच होता. तो त्या नेहमी स्वतःसाठी म्हणायच्या.