आईच्या हातचा अर्क

आईने बरणीच्या झाकणावरचं मेण सुरीने खरवडायला घेतलं आणि बाहेरच्या खोलीत लिफ्टवाला खुर्चीवरून उठला.

"झाला बाई एकदाचा तयार," आई आतून म्हणाली. "आता बघ कसा ढाराढूर झोपशील ते."

लिफ्टवाला म्हणजे तिचा मुलगा. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे. झोप नसलेल्या माणसाने करावं असं हे काम नाही, आणि याची झोप पार उडालेली. दारू सोडली तेव्हापासून. सोडून आता वर्ष होत आलं होतं. दारू सोडली हे आईला माहीत नव्हतं, कारण तो प्यायचा हेच मुळी तिच्यापासून लपवलेलं. ती सगळी जबाबदारी बायकोची. आईचा फोन आला की कधी "ड्यूटीवर गेलेत", कधी "पित्त झालंय, पडलेत". बिचारीने इतक्या थापा मारल्या की कुठली कधी मारली हे तिचं तिलाच आठवेना.

आई राहायला आली आणि मुलगा रात्रभर कूस बदलतो हे तिला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी ती नर्सरीतून ब्राह्मी घेऊन आली. गळका म्हणून गॅलरीत टाकलेला टब होता, त्यात माती भरून लावली. ब्राह्मीला सतत ओल लागते, म्हणून पाणी घालायचं काम मुलाकडे. त्याला ते आवडायलाच लागलं. कामावरून आला की बूट न काढता आधी गॅलरीत. वेल टबाच्या कडेवरून खाली उतरली तेव्हा त्याने बायकोला हाक मारून दाखवली. कितीतरी दिवसांनी हा माणूस कशानेतरी खूश झाला होता.

मग एका संध्याकाळी घरी येऊन बघतो तर ब्राह्मी भादरलेली आणि ओट्यावर काचेची मोठी बरणी. आत चिरलेला पाला, वर काठोकाठ पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. काय आहे ते विचारायची गरजच नव्हती. आईचा अख्खा जन्म औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत अर्क बनवण्यात गेला होता. पाला चिरायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा, रोज हलवायचा, मुरला की फडक्यातून पिळायचा. आणि स्पिरिट म्हणजे दारूची आजी.

त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरात जाईना. प्यायचं पाणीसुद्धा बाहेर मागायचा. सकाळी आई बरणी हलवायची, तो डुबुकडुबुक आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि याच्या तोंडाला पाणी सुटायचं. स्वतःचीच किळस यायची त्याला. चमचाभर औषधाने काय होतंय, असं कुणीही म्हणेल. काय होतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. याआधीही सोडली होती त्याने. तेव्हाही घोटभरच घेतली होती.

"ये रे आत," आईने हाक मारली.

तो दारापर्यंत गेला आणि चौकट धरून उभा राहिला. आईने पिळलेल्या अर्काचा चमचा भरून पुढे केला. त्याने मान खाली घातली. फरशीकडेच बघत राहिला.

बायकोने घाईघाईने मधे तोंड घातलं. "आई, त्यांना नका देऊ. ॲलर्जी आहे. अंगावर गांधी उठतात."

"कशाची ॲलर्जी?"

"ब्राह्मीची," बायको म्हणाली आणि आपलं चुकलं हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

"अगंबाई! रोज लेकरासारखा कुरवाळत बसतो तिला, तेव्हा नाही उठल्या त्या गांधी?"

बायकोचा चेहरा एवढासा झाला. लिफ्टवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. याची दारू सुटली, पण हिचं खोटं बोलणं काही सुटलं नव्हतं. अजून किती वर्षं बोलायचं तिने?

"ॲलर्जी-बिलर्जी काही नाही, आई," तो म्हणाला. "मी प्यायचो. रोज प्यायचो. आता सोडलीय. पण यातला एक चमचा जरी पोटात गेला ना, तर परत सुरू होईल. तू एवढं मायेने केलंस, पण मी नाही घेणार."

बायकोने ओट्याची कड घट्ट धरली होती. आता आई रडेल, नाहीतर कानाखाली वाजवेल, दोन्हीची तयारी ठेवून तो उभा राहिला.

आईने चमच्याचं बूड बरणीच्या काठाला पुसलं.

"सगळा जन्म स्पिरिटच्या वासात काढला मी. दर भेटीला माझ्या पोराच्या तोंडाला कसला वास येतो ते मला कळत नव्हतं होय रे? तू आपणहून सांगशील म्हणून गप्प होते." मग तिने चमचा त्याच्या ओठांशी नेला. "स्पिरिटचा थेंब नाही यात, ग्लिसरीनमध्ये घातलाय. चल, आ कर."