मालकिणीला न जुमानणारा

मोठ्या सिस्टरनी प्लग उपटला, तो न सांगता, न विचारता. लॅपटॉपवर आकडा बेचाळीस टक्क्यांवर होता. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या रिकाम्या काचेच्या पेटीतला दिवा गेला, पंख्याची घरघर थांबली आणि कंपनीच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो सिस्टर, अपडेट चालू होतं."

"म्हणूनच उपटला. वीज जाते तेव्हा आम्हाला आधी चिठ्ठी पाठवत नाही." प्लग अजून सिस्टरच्या हातातच होता. "मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस आला होता. पाच मिनिटांचं काम म्हणाला, आणि मध्येच वीज गेली. त्याच्या चार पेट्या अजून जिन्याखाली बंद पडून आहेत. सफाईवाल्या त्यांच्यावर फडकी वाळत घालतात."

लॅपटॉपपाशी साहेबांबरोबर आलेल्या इंजिनिअर बाई बसल्या होत्या. पेट्यांच्या पोटातला प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. बाळाच्या अंगावरची तापमानाची तार सुटली, तर जुन्या प्रोग्रामचा भोंगा चाळीस सेकंद उशिरा वाजायचा. नवा लगेच वाजणार होता. नवा प्रोग्राम कंपनीनं आणलेल्या बाराही पेट्यांत नीट बसतो हे सिस्टरना पटलं, तर त्या सही करणार. नाही पटलं, तर पेट्या टेम्पोत घालून परत. मग शेजारच्या खोलीत एकेका पाळण्यात दोन-दोन बाळं झोपली होती, ती तशीच झोपणार.

सिस्टरनी प्लग परत लावला. एक, दोन, तीन. दिवा लागला. पंखा फिरला. लॅपटॉपवर ओळ उमटली: 'नवा प्रोग्राम अपुरा. जुना चालू.'

"हे कोण बोलतंय?" सिस्टरनी चष्मा सावरला.

"बूटलोडर. आतला एक छोटासा प्रोग्राम. पेटी चालू झाली की सगळ्यांच्या आधी तो उठतो. नवा आला की त्याला वेगळ्या जागी उतरवून घेतो, नीट तपासतो. तोवर जुन्याला धक्का लागू देत नाही."

"आणि याला कोण बदलतं?"

"कोणीच नाही. त्याच्या जागेला कारखान्यातच कुलूप लागतं. मलासुद्धा ते उघडत नाही."

"मग त्याच्यातच खोट निघाली तर?"

बाईंनी सिस्टरकडे नीट बघितलं. हा प्रश्न त्यांना ऑफिसात कोणी विचारला नव्हता. "म्हणून त्याला लहान ठेवलाय. तीन-चार कामं येतात, जास्त येत नाही. मोठा प्रोग्राम सहा महिन्यांत झाला. याच्यापाशी वर्षभर बसले होते."

"आम्ही म्हणायचो, मॅडम, दरवानाला एवढं शिक्षण कशाला," साहेब म्हणाले आणि हसले. एकटेच हसले.

"करा पुन्हा," सिस्टर म्हणाल्या. "या वेळी मी हात लावत नाही."

"लवकर, मॅडम. त्यांना राउंडला जायचंय." साहेब घड्याळ बघत होते. बाईंनी घाईघाईत फाइल निवडली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. आकडा चढत चढत शंभरावर गेला. मग लाल अक्षरं आली: 'नाकारलं. जुना चालू.'

साहेब पडद्यापुढे आडवे आले. "नेटवर्कचा प्रॉब्लेम. होतं कधीकधी."

"लॅपटॉपची तार तर माझ्यासमोर थेट पेटीला लावलीय," सिस्टर म्हणाल्या.

लाल अक्षरांखाली बारीक ओळ होती. 'यंत्राचा प्रकार जुळत नाही.' ती वाचताना बाईंचे कान तापले. अँब्युलन्समधल्या छोट्या पेटीची फाइल आणि हिची फाइल एकाखाली एक होत्या, आणि घाईत बोट खालच्या ओळीवर पडलं होतं. छोट्या पेटीचा हिटर अर्ध्या ताकदीचा. तिचा प्रोग्राम इथे चालला असता, तर गादी दुप्पट तापली असती.

नेटवर्क म्हणून सांगून टाकणं सोपं होतं. साहेबांनी वाट करून दिलीच होती.

"साहेब, जरा सरका," बाई म्हणाल्या. "सिस्टर, चूक माझी आहे. मी दुसऱ्याच पेटीचा प्रोग्राम पाठवला."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुम्ही चुकलात," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"आणि यानं तुमचं ऐकलं नाही."

"नाही ऐकलं." एवढं बोलताना बाईंना लाज वाटायला हवी होती. पण ऊर कसा भरून आला होता. ज्याला वर्षभर उराशी धरून शिकवलं, त्यानं आज त्यांनाच दाराबाहेर उभं केलं होतं.

सिस्टरनी पेटीच्या काचेवर हात ठेवला. "माझ्या हाताखाली वीस पोरी आहेत. त्यांतल्या दोघी अशा, की मी चुकीचं औषध सांगितलं तरी देत नाहीत. म्हणतात, कागद दाखवा. त्या दोघींच्या जिवावर मी रजा घेते." त्यांनी हात पुढे केला. "पेन आणा."

बाईंनी बरोबर फाइल निवडली, दोनदा वाचली. शंभर टक्के. हिरवी ओळ. तापमानाची तार त्यांनी हळूच ओढली, आणि भोंगा लगेच असा कर्कश वाजला की शेजारच्या खोलीतून एक नर्स धावत आली.

"काही नाही गं, जा," सिस्टर तिला म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

दुसरी पेटी बाईंनी केली, तिसरीही. चौथीपाशी सिस्टरनी खुर्ची ओढली आणि लॅपटॉप स्वतःपुढे घेतला. एक बोट, एक ओळ, पुन्हा एक ओळ. पेटीमागून पेटी हिरवी होत गेली, आणि दरवेळी भोंगा वाजवून बघितल्याशिवाय सिस्टर पुढे सरकल्या नाहीत. साहेब कोपऱ्यात चहाचा रिकामा कप धरून उभे होते.

बाराव्या पेटीला सिस्टरचं बोट जरा जास्तच रेंगाळलं. बाईंनी मदतीला हात पुढे केला.

"तू बाजूला उभी राहा," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "माझं काम चाललंय."